अडलेली कळ

या सदरांत आम्ही बहुधा वाचलेल्या ग्रंथांविषयीं, शाळेंतील अनुभवांविषयीं किंवा व्याकरणाच्या एखाद्या शंकेविषयीं लिहीत असतों. या खेपेस विषय निराळा आहे. एका जुन्या कॅमेऱ्याची कळ दाबली तरी चित्र कां निघेना, याचा शोध गेल्या उन्हाळ्यांत आमच्या घरीं झाला, त्याची ही हकीकत आहे. विषय यंत्राचा असला तरी, ज्यांच्या घरांत तीन-चार पिढ्या एका छपराखालीं नांदत आहेत त्यांनीं ती शेवटपर्यंत वाचावी अशी विनंती आहे. कारण ज्या दोषाचा शोध आम्ही करीत होतों, तो शेवटीं आमच्याच दारीं येऊन थांबला.

आमचें घर धाटाव येथें, रोह्याच्या अगदीं जवळ, कुंडलिकेच्या खोऱ्यांत आहे. आतां हें गांव औद्योगिक वसाहतीमुळें लोकांस ठाऊक झालें आहे. पण चार महिन्यांचा कोंकणचा पाऊस आणि त्यामागोमाग पेट्यांतून, पुस्तकांतून व कपड्यांतून शिरणारी बुरशी ही मात्र पूर्वींसारखीच आहे. आमचे थोरले बंधु मुंबईस नोकरीला होते. त्यांस सारें घर दादा म्हणत असे. त्यांनीं १९६१ सालीं कोटांतील एका दुकानांतून जर्मन बनावटीचा एक वापरलेला कॅमेरा विकत आणिला. तो घडीचा होता. झांकण उघडलें कीं काळा भाता पुढें येई व त्याच्या टोकाशीं भिंग आणि झडप, म्हणजेच शटर, दिसे. त्यांत १२० मापाची फिल्म लागे व तिच्यावर बारा चौकोनी चित्रें निघत. घरांतील बारशीं, डोहाळजेवणें, गणपति हीं सर्व त्याच कॅमेऱ्यानें टिपलीं.

१९८४ च्या वैशाखांत आमच्या धाकट्या पुतण्याची मुंज होती. दादा व वहिनी विधींत गुंतलेलीं, म्हणून चित्रें काढण्याचें काम आमच्याकडे आलें. आम्हांस शाळेंत लागून तेव्हां दोन वर्षें झालीं होतीं, आणि सर्व गोष्टी आपणांस समजतात असें वाटण्याचें तें वय होतें. मातृभोजन आटोपल्यावर आमच्या मातोश्री ठेवणींतलें लुगडें नेसून मांडवांत खुर्चीवर येऊन बसल्या व भोंवतीं सारें घर उभें राहिलें. त्यांस अठ्ठ्याहत्तरावें वर्ष चालू होतें. चित्र काढविल्यानें आयुष्य उणें होतें अशी त्यांची समजूत असल्यामुळें त्या आजवर कधीं कॅमेऱ्यापुढें बसल्या नव्हत्या. त्या दिवशीं नातवंडांच्या हट्टानें बसल्या. आम्हीं कळ दाबली. आंत कोठेंसें बारीक 'टक्' झालें, पण झडप उघडल्याचा नेहमींचा आवाज आला नाहीं. दुसऱ्यांदा दाबली, तिसऱ्यांदा दाबली, तेंच. दहा मिनिटें उन्हांत बसून मातोश्री म्हणाल्या, "राहूं दे रे. नसेल माझ्या नशिबीं." आणि त्या उठून आंत गेल्या.

आदल्या रात्रीं आमचा मोठा पुतण्या, वय वर्षें अकरा, तो कॅमेरा हातांत घेऊन ओटीवर बसलेला आम्हीं पाहिला होता. तेवढा पुरावा आम्हांस पुरला. भर मांडवांत, पाहुण्यांदेखत, "तूंच रात्रीं कळ दाबून दाबून मोडलीस," असें आम्ही त्यास बोललों. तो एकदांच म्हणाला, "मीं नाहीं मोडली, काका." आम्हीं मास्तरकीचा आवाज चढविला. तो गप्प झाला.

मातोश्री त्याच वर्षीं भाद्रपदांत वारल्या. त्यांचें एकही चित्र घरांत नाहीं. त्या फिल्मवर आधीं काढलेलीं पांच चित्रें धुऊन आलीं; सहावी चौकट कोरी राहिली. पुढें घरांत लग्नकार्य निघालें कीं कोणीतरी म्हणावयाचें, "आजींचा फोटो राहिला तो याच्यामुळें," आणि सर्वांनीं हंसावयाचें. पुतण्याही हंसे. तो मोठा झाला, औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत शिकून येथल्याच एका कारखान्यांत मापनयंत्रांचा कारागीर झाला. गांवांतील लोक बंद पडलेलें घड्याळ, मिक्सर, शिवणयंत्र घेऊन त्याच्याकडे येतात आणि तो तें नीट करून देतो. तो कॅमेरा मात्र माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटींत चाळीस वर्षें पडून होता आणि त्यानें त्यास एकदांही हात लाविला नाहीं. ही गोष्ट आमच्या ध्यानांत कधीं आली नव्हती. ती आणून दिली त्याच्या मुलीनें.

ही आमची नात रोह्यास महाविद्यालयांत शिकते. अलीकडे तरुण मुलांत पुन्हा फिल्मच्या कॅमेऱ्याची आवड उत्पन्न झाली आहे. तिनें पेटी उघडून कॅमेरा काढला व वडिलांपुढें ठेविला. ते म्हणाले, "आजोबांना विचार," आणि बाहेर निघून गेले. ती आमच्याकडे आली आणि म्हणाली, "आजोबा, बाबा कुठल्याही यंत्राला नाहीं म्हणत नाहींत. याला कां म्हणाले?" आम्हीं उत्तर टाळलें व म्हणालों, "बैस. आपणच पाहूं."

प्रथम तिनें विचारलें कीं, मोबाईलमध्यें चित्र काढतांना जो 'खटक' असा आवाज येतो, तो या कॅमेऱ्यांत खरोखरच कशाचा असतो? प्रश्न चांगला होता. मुंबईस १८५४ सालीं फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधु डॉ. नारायण दाजी यांनीं ही विद्या हौसेनें आत्मसात केली, त्या काळीं झडपेची फारशी गरजच नव्हती. कांचेवरील रसायनावर प्रकाशाचा परिणाम होण्यास कांहीं सेकंद लागत. भिंगावरचें टोपण काढावयाचें, मनांत अंक मोजावयाचे, टोपण परत लावावयाचें, इतकेंच काम. १८७१ सालीं इंग्लंडांत मॅडॉक्स नामक वैद्यानें जिलेटीनच्या कोरड्या कांचांची रीत प्रसिद्ध केली. तींत सुधारणा होत जाऊन कांही वर्षांतच इतक्या चपळ कांचा निघाल्या कीं, सेकंदाच्या लहानशा अंशांत चित्र उमटूं लागलें. इतक्या थोड्या वेळांत टोपण काढणें व लावणें माणसाच्या हातास शक्य नाहीं. म्हणून स्प्रिंगच्या बळानें उघडून आपोआप मिटणारी झडप आली. जर्मनींत म्यूनिक येथें फ्रीड्रिख डेकेल यांच्या कारखान्यानें १९१२ च्या सुमारास 'कॉम्पुर' नांवाचें शटर काढिलें. त्यांत वेळ मोजण्यास घड्याळासारखीं दांतेरी चाकें योजिलीं होतीं. पुढें घरगुती कॅमेऱ्यांत दिसणारीं कित्येक शटरें त्याच धाटणीचीं आहेत. सारांश, आमच्या कॅमेऱ्याच्या तोंडाशीं एक लहानसें घड्याळच बसविलेलें होतें. कळ हा त्याचा केवळ इशारा. काम करणारे आंत वेगळेच.

मराठींत 'कळ' हा शब्द मोठा विलक्षण आहे. यंत्राची कळ ती कळ, पोटांत उठते तीही कळ, आणि धीर धरून सोसावयाची तीही कळच. पहिल्या कळेचें काम तिसरीवांचून होत नाहीं, याचा अनुभव आम्हांस लगेच आला.

नातीनें बोट ठेवून कळ दाबली, ती अर्ध्यावरच अडली. ती जोर लावणार तोंच आम्हीं तिचा हात धरिला. एकाच चौकटीवर चुकून दोन चित्रें पडूं नयेत म्हणून कित्येक जुन्या कॅमेऱ्यांत अशी योजना असते कीं, एक चित्र झाल्यावर फिल्म पुढें गुंडाळल्यावांचून कळ खालीं जातच नाहीं. ती बिघडलेली नसते; नियम पाळीत असते. फोग्टलेंडर कंपनीच्या 'व्हिटो बी' कॅमेऱ्यांत तर याहून मौज आहे. त्यांत शटरची स्प्रिंग भरली जाते ती फिल्मच्या कडेच्या भोंकांनीं आंतलें दांतेरी चाक फिरविल्यावर. आंत फिल्मच नसेल तर दांडी कितीही ओढा, कळ चालावयाची नाहीं. अशा कित्येक धडधाकट कॅमेऱ्यांस त्यांच्या धन्यांनीं 'मोडका' ठरविलें असेल! आम्हीं गुंडाळण्याची चकती सावकाश फिरविली. वरच्या लहानशा खिडकींत तांबडा ठिपका आला, आणि कळ बोटाखालीं सरळ तळापर्यंत गेली. 'टक्' असा बारीक आवाज झाला. चाळीस वर्षांपूर्वीं मांडवांत ऐकलेला तोच आवाज. पण झडप उघडली नाहीं.

आम्हीं संस्कृत पाठशाळेंत तर्कसंग्रह शिकलों व पुढें मुलांस शिकविला. अन्वय आणि व्यतिरेक हीं अनुमानाचीं साधनें आमच्या जिभेवर आहेत. जेथें एक आहे तेथें दुसरें आहे, हा अन्वय. जेथें एक नाहीं तेथें दुसरेंही नाहीं, हा व्यतिरेक. यंत्राचा दोष शोधण्याची रीत याहून वेगळी नाहीं. कळेपासून झडपेपर्यंत चार पायऱ्या आहेत. वरची कळ, तिच्यापासून पुढें जाणारी बारीक तार, त्या तारेनें ढकलली जाणारी शटरची टोंची, आणि शेवटीं आंतलीं पातीं. आम्हीं कॅमेरा डोळ्यांशीं धरून नातीस कळ दाबावयास सांगितलें. तार हलत होती, टोंची सरकत होती. मग शटरच्या बाजूस केबल लावण्याचें जें भोंक असतें, त्यांत दादांची जुनी केबल पिळून बसविली. या केबलनें वरची कळ व तार यांस वगळून शटरला थेट इशारा देतां येतो. केबलनें झडप उघडली असती, तर दोष कळेंत किंवा तारेंत ठरला असता. ती उघडली नाहीं. पुन्हा तोच 'टक्'. तेव्हां कळ निर्दोष, तार निर्दोष, दोष पात्यांत.

येथें आम्ही थांबलों. त्या तारेकडे आम्हीं पुन्हा भिंगांतून पाहिलें. ती शिवणाच्या सुईपेक्षां फारशी जाड नव्हती. एखाद्यानें अडलेली कळ जोरानें दाबली असती, तर ती प्रथम वांकली असती. ती कारखान्यांतून निघाली तेव्हां जशी असेल तशीच सरळ होती. म्हणजे ज्या गोष्टीचा आरोप आम्हीं अकरा वर्षांच्या मुलावर केला, ती गोष्ट घडलेलीच नव्हती. आम्ही नातीस कांहीं बोललों नाहीं.

पुढें शटर उघडणें प्राप्त होतें, आणि तेथें आमचा धीर सुटूं लागला. तेव्हां कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचें स्मरण झालें. त्यांचे बंधु आनंदराव व ते मिळून स्वतःचा सिनेमाचा कॅमेरा बनविण्याच्या खटपटींत असतां १९१६ सालीं आनंदराव वारले. बाबूरावांनीं तें काम सोडलें नाहीं. दामले यांच्या साहाय्यानें १९१८ सालीं कॅमेरा तयार केला व १९२० सालीं 'सैरंध्री' हा मूकपट काढिला. दादासाहेब फाळक्यांनीं तर १९१२ सालीं विलायतेहून आणिलेल्या कॅमेऱ्यानें वाटाण्याचा अंकुर रोज थोडथोडा टिपून त्याची वाढ पडद्यावर दाखविली. ज्या भूमींत लोकांनीं कॅमेरा घडविला, तेथें आम्हांस चार स्क्रू काढण्याचें भय वाटावें हें बरें नव्हे, असें मनाशीं म्हणून आम्हीं घड्याळजीचा पेंचकस हातांत घेतला.

हें काम करणाऱ्यांसाठीं दोन सूचना येथेंच देतों. पुढचें भिंग फिरवून काढण्यापूर्वीं तें कोठें होतें याची कडेवर सुईनें बारीक खूण करावी. एरवीं परत बसवितांना लांबचें चित्र स्पष्ट येत नाहीं. दुसरें, प्रत्येक तुकडा काढण्यापूर्वीं मोबाईलनें त्याचें चित्र घ्यावें. नव्या यंत्रानें जुन्याची अशी सेवा केलेली पाहून आम्हांस संतोष वाटला. नात चित्रें घेत होती आणि आम्ही निघालेले स्क्रू ओळीनें पांढऱ्या कापडावर मांडीत होतों.

वरची तबकडी निघाली आणि पांच काळीं पातीं दिसलीं. प्रत्येक कागदाहून थोडें जाड. त्यांच्यावर तपकिरी, चिकट, वाळलेल्या गोंदासारखा थर होता. पातीं वजनाला नगण्य. तीं ओढणारी स्प्रिंगही मुद्दाम हलकी केलेली, कारण सेकंदाच्या शंभराव्या भागांत त्यांस उघडून मिटावयाचें असतें. अशा दोन पात्यांमध्यें तेलाचा पातळ थर शिरला तर ओल्या कांचा एकमेकींस धरून ठेवितात तशीं तीं एकमेकांस धरून ठेवितात. स्प्रिंग सुटते, 'टक्' होतें, आणि पातीं जागचीं हालत नाहींत. पुढें तेंच तेल उष्णतेनें पसरतें, धूळ धरितें आणि वाळून रोगण होतें.

तेल आंत आलें कोठून? शटरच्या कडेला स्प्रिंग भरण्याच्या दांडीसाठीं एक फट असते. त्या फटीपासून आंत पात्यांपर्यंत तपकिरी ओघळ गेलेला स्पष्ट दिसत होता. कोणीतरी बाहेरून तेल सोडलें होतें.

तें आम्हीं सोडलें होतें. त्याच वर्षीं फाल्गुनांत, होळीच्या सुमारास, शटर किंचित् रेंगाळतें असें वाटून आम्हीं वहिनींच्या शिवणयंत्राच्या बाटलींतून दोन थेंब त्या फटींत टाकिले होते. दादांस विचारलें नव्हतें, कारण ते नको म्हणाले असते. आठ-दहा दिवस शटर सुरेख चाललें, म्हणून आम्ही आपल्या हुशारीवर खूष होतों. मग दोन महिने कॅमेरा पेटींत राहिला आणि वैशाखाच्या उन्हाळ्यांत तेलानें आपलें काम केलें. ही गोष्ट आम्ही विसरलों होतों असें लिहिणें सोयीचें आहे. पण खरें तें हें कीं, मांडवांत ती अर्धी आठवली होती आणि पुतण्यावर ओरडण्यानें ती बुजली.

काकतालीय न्याय आम्हीं वर्गांत किती वेळां शिकविला असेल! कावळा बसावयास आणि ताडाचें फळ पडावयास एकच गांठ पडते, आणि लोक म्हणतात कावळ्यानें पाडलें. मुलगा रात्रीं कॅमेरा घेऊन बसला आणि सकाळीं कॅमेरा चालला नाहीं. त्या कावळ्यास आम्हीं चाळीस वर्षें फळ पाडणारा म्हणून वागविलें.

त्या सायंकाळीं आम्ही शटर तसेंच उघडें ठेविलें. पुतण्या कारखान्यांतून आला, पानें मांडलीं गेलीं, सर्वजण माजघरांत बसले. त्यास एकट्यास गाठून सांगावें असें प्रथम मनांत आलें होतें. पण आरोप चारचौघांत केला होता. तो मागें घेण्यास कोपरा शोधणें हें न्यायाचें नव्हे. वहिनींचें जेवण होईपर्यंत थांबलों, आणि मग जें आढळलें तें पहिल्यापासून शेवटपर्यंत सर्वांसमोर सांगितलें. तेलाच्या बाटलीसह सांगितलें. कोणी हंसलें नाहीं.

पुतण्या थोडा वेळ पानाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "काका, त्या रात्रीं कॅमेरा मीं घेतला होता हें खरें आहे. आजीनें मागितला होता. उद्यां आपण यांत कशा दिसणार तें तिला पाहायचें होतें. मीं तिच्या डोळ्याशीं धरला होता. कळेला हात लावला नव्हता."

आम्ही म्हणालों, "अरे, मग हें तेव्हांच कां नाहीं सांगितलेंस?"

तो म्हणाला, "तुम्हीं विचारलेंत कुठें, काका? तुम्हीं सांगितलेंत."

यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. छत्तीस वर्षें आम्हीं मुलांस शिकविलें. प्रश्नचिन्ह कोठें द्यावें व पूर्णविराम कोठें द्यावा याबद्दल शेंकडों वह्या तांबड्या शाईनें रंगविल्या. त्या मांडवांत जेथें प्रश्नचिन्ह हवें होतें तेथें आम्हीं पूर्णविराम दिला होता. आम्ही त्याची क्षमा मागितली. वडील माणसानें लहानाची क्षमा मागण्याची आपल्या घरांतून फारशी रीत नाहीं. तो अवघडला, वहिनींनीं पदर डोळ्यांस लाविला, आणि नातीनें भात वाढावयास घेतला.

दुसऱ्या दिवशीं रविवार होता. पुतण्या आपण होऊन आपली हत्यारांची पेटी घेऊन ओटीवर आला आणि म्हणाला, "आणा इकडे." पुढचें काम त्यानें केलें, आम्हीं फक्त पाहिलें. त्यानें लाइटरमध्यें भरतात तें पांढरें पेट्रोल थोडें वाटींत घेतलें. तें फार लवकर पेटतें, म्हणून देवापुढील निरांजन आधीं शांत करविलें व दारें-खिडक्या उघडविल्या. काडीस कापूस गुंडाळून तो पात्यांवर हलक्या हातानें फिरवी, कापूस तपकिरी झाला कीं टाकून दुसरा घेई आणि मधून मधून शटर चालवून पाही. पहिल्यांदा पातीं अर्धवट उघडलीं व तशींच राहिलीं. पांचव्या खेपेस उघडून मिटलीं. पेट्रोल उडून जातें तोंवर बरें चालतें आणि वाळल्यावर पुन्हा अडतें, म्हणून एका धुण्यानें भागत नाहीं. संपूर्ण वाळवून, पुन्हा धुऊन, असें त्यानें तीनदां केलें. आम्ही संवयीनें विचारलें, "आतां थेंबभर तेल?" तो प्रथमच मोकळेपणीं हंसला. "नाहीं काका. पातीं कोरडींच चालायचीं असतात."

झडपेचा वेळ बरोबर आहे कीं नाहीं हें पाहण्याची युक्ति नातीनें काढली. तिच्या मोबाईलमध्यें सेकंदास २४० चित्रें घेणारी चलच्चित्राची सोय आहे. मागून दिवा धरून झडप टिपली कीं ती किती चित्रांत उघडी दिसते तें मोजावयाचें. सेकंदाचा तिसावा भाग असेल तर आठ चित्रें, साठावा असेल तर चार. आमच्या शटरनें तिसाव्यास नऊ दिलीं. इतक्या वृद्ध यंत्रास हें पुष्कळ झालें.

नंतर रात्रीं अंधारांत भात्याच्या आंत मोबाईलचा दिवा धरून बाहेरून पाहिलें. एका कोपऱ्याच्या घडींत सुईच्या अग्राएवढा प्रकाश दिसला. तेथें काळा रंग लाविला. फिल्म मुंबईहून आणविली. उटकमंड येथें १९६० सालीं स्थापन झालेल्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याची 'इंदू' फिल्म आमच्या तरुणपणीं मिळे. तो कारखाना आतां बंद झाला आहे. परदेशी फिल्म मिळते, परंतु महाग पडते. म्हणून बारा चित्रें मोजून काढावीं लागतात, आणि हा तोटाच आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

अंगणांत त्याच जागीं खुर्ची ठेविली. वहिनी बसल्या, त्यांस आतां चौऱ्याऐंशीवें वर्ष आहे. कॅमेरा तिवईवर चढविला. आम्ही रांगेंत उभे राहिलों आणि पुतण्यास म्हणालों, "कळ तूं दाब." त्यानें दाबली. झडप उघडली व मिटली. बारांपैकीं दहा चित्रें चांगलीं आलीं. एकाच्या कडेस प्रकाशाची रेघ आहे. भात्यास आणखी एक भोंक असावें. मातोश्रींचें चित्र अर्थातच यांत नाहीं आणि आतां तें होणेंही नाहीं. कोरी चौकट असलेली ती जुनी फिल्म पुतण्यानें मागून घेतली व या चित्रांबरोबर एकाच पाकिटांत ठेविली.

वाचकांपैकीं ज्यांच्या माळ्यावर असा कॅमेरा असेल त्यांनीं इतकें करावें. कळ अडली तर जोर लावूं नये. प्रथम फिल्म पुढें गुंडाळून पाहावी. चालत नसेल तर केबल लावून दोष कळेंत आहे कीं शटरांत हें ठरवावें. आपोआप चित्र घेणारी दांडी जुन्या शटरवर असल्यास तिला हात लावूं नये. ती मध्येंच अडली तर सारें शटर अडतें. तेल कधीं सोडूं नये. पावसाळ्यांत कॅमेरा चामड्याच्या म्यानांत ठेवूं नये, कारण चामडें ओल धरितें व भिंगास बुरशी लागते. घट्ट झांकणाच्या डब्यांत, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. महिन्यांतून एकदां बाहेर काढून पांच-दहा वेळां शटर चालवावें, आणि ठेवतांना स्प्रिंग भरलेली ठेवूं नये.

आणि घरांत एखादी वस्तु मोडलेली आढळली, जवळ एखादें मूल उभें दिसलें, तर त्यास आधीं विचारावें. उत्तर ऐकून घ्यावें. मग आपण त्या वस्तूस पूर्वीं काय केलें होतें तेंही एकवार आठवून पाहावें. हें आम्ही उपदेश म्हणून लिहीत नाहीं. तो अधिकार आमचा राहिलेला नाहीं. असो.